अंबाडा
लांब केसांचा पीळ किंवा वेणी मानेच्या वर गुंडाळून केलेली स्त्रियांची केशरचना. घाईत घातलेल्या साध्या गाठीस बुचडा म्हणतात. आकडे वा दोरा नसतानाही अंबाडा टिकतो तो केसांच्या परस्पर घर्षणामुळे. सर्व केस एकाच दिशेने पिळीत गेल्यास पीळ आपोआप वेटोळे घेतो. ते त्याच्याच बुडाभोवती फिरवून टोक खालून आत खोचतात. उलगडू पाहणारा पीळच मग टोकास दाबून धरतो. नुकतेच धुतलेले केस निसटतात. किंचित तेलकट केसांत अंबाडा पक्का बसतो. केस अपुरे असल्यास पूर्वी गंगावन जोडीत. नित्य ताणून बांधल्याने मात्र कपाळालगतचे केस गळतात व ताण दीर्घकाळ राहिल्यास ते पुन्हा उगवत नाहीत.