केस गेले, संशय पोळीवर!

डोक्यावरून हात फिरवला आणि मूठभर केस हातात आले तर? आपण आधी शॅम्पू बदलू, मग सोसायटीच्या पाण्याला नावं ठेवू. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातही पहिला संशय पाण्यावरच गेला.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत चक्क टक्कल! लोकांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नावही ठेवून टाकलं. पण गंमत करण्यासारखं काही नव्हतं. त्रास झालेल्यांत कॉलेजच्या मुली बऱ्याच होत्या. कुणाचं शिक्षण अडलं, कुणाचं लग्न. अनेकांनी लाजेपायी डोकंच भादरून घेतलं.

पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, पण त्यानं असे केस जात नाहीत. आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही तपासाला लागले. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : १८ गावांतल्या २७९ जणांना त्रास झाला, त्यांच्या रक्तात सेलेनियम भरमसाट आहे, आणि ते आलंय रेशनच्या गव्हातून. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा, असं त्यांचं म्हणणं. पंजाबच्या काही पट्ट्यांत मातीतच सेलेनियम जास्त आहे, हे जुनंच ज्ञान.

आता जरा हिशेब करू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. ४०० ही वरची मर्यादा. बावस्करांनी तपासलेल्या गव्हात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम निघालं. म्हणजे १०० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतूनच सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम पोटात!

सेलेनियम हे गंधकाचं भावंड. केसांना आणि नखांना बळकटी देणाऱ्या केराटिनमध्ये गंधकाचे दुवे असतात. तिथे सेलेनियम घुसलं की दुवे कच्चे पडतात, असं मानलं जातं. पुढे एप्रिलमध्ये काहींची नखंही गळाली, ती बहुधा याचमुळे.

दिलासा इतकाच, की अनेकांचे केस पुन्हा उगवले.

आणि हे फक्त खेड्यातलं दुखणं नव्हे बरं का! २००८मध्ये अमेरिकेत एका पूरक टॉनिकमध्ये चुकून दोनशेपट सेलेनियम पडलं आणि दोनशेजणांना त्रास झाला. त्यात केस गळणंही होतंच. तेव्हा ‘घनदाट केसांसाठी’ म्हणून दोन-तीन गोळ्या एकत्र घेत असाल, तर आज लेबलवरच्या सेलेनियमची बेरीज नक्की करा.

शेगावच्या लोकांच्या पिशवीवर मात्र लेबल नव्हतं. त्यांच्यासाठी ते वाचायचं काम गोदामातच व्हायला हवं.