देश तसा वेश

मुलांनो, पालकसभेचे निमंत्रण तुमच्या घरी येते, तेव्हा त्यावर तुमच्या आईचे किंवा वडिलांचे नाव छापलेले असते. शेजारच्या घरी गेलेल्या पत्रात मजकूर तोच. नाव मात्र निराळे. शाळेच्या लिपिकाने ही शेकडो पत्रे एकेक करून लिहिली असतील काय? पूर्वी चक्रमुद्रित पत्रकावर जागा कोरी सोडीत आणि तीत नावे हाताने भरीत. आता हे काम संगणक करतो. या सोयीस 'मेल मर्ज', म्हणजे पत्र आणि यादी यांचा मेळ, असे म्हणतात.

या कामास दोन गोष्टी लागतात : एक पत्राचा मसुदा आणि दुसरी नावे, दिनांक व रकमा यांची यादी. मसुद्यात जेथे नाव हवे, तेथे यादीतील त्या रकान्याची खूण घालतात. संगणक यादीची एकेक ओळ घेऊन त्या खुणेच्या जागी बसवितो. यादीत शंभर ओळी असल्या, तर शंभर पत्रे तयार होतात.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. यादीत मूल्य असते. त्याचा वेश नसतो. मराठवाडा मुक्त झाला तो दिवस १७ सप्टेंबर १९४८. एक्सेलच्या तक्त्यात हाच दिवस १७७९३ या अंकाने साठविलेला असतो; कारण १ जानेवारी १९०० या दिवसाला १ मानून तेथे पुढील दिवस मोजतात. आपल्या शहराचा दूरध्वनी संकेतांक ०२४०. पण संगणकाने ती संख्या मानली, तर आरंभीचे शून्य गळून २४० उरते. साडेबाराशे रुपये आणि पन्नास पैसे यादीत १२५०.५ असे असतात. पावतीवर मात्र १,२५०.५० असे हवे.

हा वेश कोणी द्यावयाचा? मसुदा लिहिणाऱ्याने. खुणेपुढे तो एक नमुना लिहितो. संख्येसाठी # हे चिन्ह व दिनांकासाठी @ हे चिन्ह योजून नमुना देतात. नमुन्यात चार शून्ये लिहिली, म्हणजे चार अंक दिसलेच पाहिजेत. मग २४० चे पुन्हा ०२४० होते. दिनांकाच्या नमुन्यात मोठे 'एम' महिना दाखविते आणि लहान 'एम' मिनिटे! एवढ्याशा अक्षराने अर्थ पालटतो.

ही बाब क्षुल्लक वाटेल. पण तिची किंमत मी स्वतः पाहिली आहे. मी मुख्याध्यापक असताना शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणण्यासाठी प्रत्येक पालकास त्याचा दिवस पत्राने कळविला. पत्रांना नमुना दिलेला नव्हता. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. संगणकाने तीच रीत धरली. ज्यांचा दिवस १३ ऑगस्ट होता, त्यांच्या पत्रावर ८/१३ असे आले. तेरावा महिना कोठला, म्हणून ते लगेच विचारावयास आले. ज्यांचा दिवस ९ ऑगस्ट, त्यांच्या पत्रावर ८/९ असे होते. त्यात कोणास काहीच वावगे दिसले नाही. फुलंब्रीकडील एक माता ८ सप्टेंबरला सकाळी कागदपत्रांचे पुडके घेऊन दारात उभी राहिली. मुदत संपून गेली होती. तिच्या मुलीस त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्या माउलीने पत्र बरोबरच वाचले होते. चूक आमची होती.

उघड दिसणारी चूक लवकर सुधारते. बरोबर भासणारी चूक घात करते. म्हणून त्या दिवसापासून आम्ही दोन नियम केले. महिना अंकाने न लिहिता अक्षरांनी लिहावा, म्हणजे '९ ऑगस्ट' याचे दोन अर्थ होत नाहीत. आणि पत्रे पाठविण्यापूर्वी चार-पाच पत्रे यादीशी ताडून पाहावीत.

'देश तसा वेश' अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकास गणित येते. पत्र कोणाच्या हाती जाणार आहे, हे त्यास ठाऊक नसते. ते जाणणे लिहिणाऱ्याचे काम आहे.