समुद्रापलीकडे गेलेली जात

ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत विद्यार्थी असता, १९०९ साली, त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदू लोक देशांतर करून जगभर पसरले तर जात ही साऱ्या जगाची समस्या होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्याचा आवर्जून उल्लेख केला. या अभिप्रायाची प्रचीती आज येत आहे. तथापि ती सर्वत्र सारखी आलेली नाही, आणि या भेदातच विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून जे त्रिनिदाद, गयाना, फिजी येथे नेले गेले, त्यांची जात जहाजावरच ढिली पडली. सर्वांचे अन्न एकत्र शिजे, मळ्यावर निवारा एकत्र, स्त्रियांची संख्या पुरुषांहून फारच कमी, आणि वाळीत टाकावयास जातपंचायत नाही. अशा स्थितीत जातीतच सोयरीक करणे अशक्यप्राय झाले. कॅरिबियनमध्ये सहप्रवाशास 'जहाजी भाई' म्हणत. (पौरोहित्याचा मान मात्र ब्राह्मणाकडेच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.) उलट १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर तेथे गेले ते बहुधा सुशिक्षित, म्हणून बहुधा उच्चवर्णीय. त्यांनी कुटुंबे नेली, मंडळे स्थापिली, विवाहाच्या जाहिराती दिल्या. जात सोयरिकीवर जगते. तो आधार त्यांनी सोबत नेला होता.

इंग्लंडमधील एक खटला धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी अवश्य जाणून घ्यावा. बिहारमधील एका आदिवासी ख्रिस्ती स्त्रीस एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने घरकामासाठी तेथे नेले. साडेचार वर्षे, आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास ती राबली. ताशी मोबदला पडला सुमारे अकरा पेन्स. झोपावयास जमिनीवर गादी. पवित्र शास्त्र सोबत आणण्यास व चर्चला जाण्यास तिला मनाई होती. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने, जात ही काही प्रसंगी 'वांशिक मूळ' या कायद्यातील संज्ञेत येऊ शकते, असा निर्णय दिला. २०१५ साली तिला थकलेल्या वेतनापोटी १,८३,७७३ पौंड मंजूर झाले. जन्मावरून सेवेस बांधलेली मानलेली स्त्री आणि तिचे काढून घेतलेले शास्त्र, ही दोन्ही एकाच निकालपत्रात आली, हे आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते.

ब्रिटिश सरकारने जातीचा स्वतंत्र उल्लेख कायद्यात करण्याचे मात्र २०१८ साली नाकारले. अमेरिकेत सिअॅटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक तेथील गव्हर्नरांनी, प्रचलित कायदे पुरेसे आहेत म्हणून, त्याच वर्षी ऑक्टोबरात परत पाठविले.

असे कायदे एकाच धर्मसमाजाकडे बोट दाखवितात, असा आक्षेप तेथील काही हिंदू संस्था घेतात. आक्षेप सर्वस्वी टाकाऊ नाही, परंतु त्याचे उत्तर वस्तुस्थितीत आहे. ब्रिटनमधील रविदासिया समाजाने आपली निराळी मंदिरे उभारली, ती शीख गुरुद्वारांत समान मान न मिळाल्यामुळे. आणि आपले काय? नैरोबीत गोमंतकीय ख्रिस्ती लोकांची देवळे एक, पण मिस्सा संपल्यावर जाण्याचे क्लब वेगळे: जिमखाना एकांचा, इन्स्टिट्यूट दुसऱ्यांची, शिंप्यांची सोसायटी तिसरी. व्यवसाय व जात यांची तेथे सरमिसळ होती हे खरे. पण आपल्याकडेही ती तशीच असते.

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांत विवाह ठरू लागला की विचारणेचे पत्र अनेकदा मूळ धर्मग्रामाकडे येते. त्यात जातीचे नाव बहुधा नसते. घर कोणत्या वाड्यावरचे, एवढेच विचारलेले असते, आणि गोव्यात वा बेळगावकडे त्याचा अर्थ काय हे सांगावयास नको. ख्रिस्तसभेचा विवाहविधी स्नानसंस्काराची नोंद व विवाहास मोकळीक असल्याचा दाखला मागतो. वाडा मागत नाही. आम्ही अशा पत्रास नोंदवहीतील तेवढीच उत्तरे देतो, आणि वाड्याची जागा कोरी ठेवतो.