सतरंजी नव्हे, जबाबदारी द्या!

एप्रिल महिना जवळ आला की नायगाव, परळ, लालबाग, वरळी भागातल्या विहारांतून जयंतीच्या बैठका सुरू होतात. गेली वीस-बावीस वर्षे मी या बैठकांना जातो. दृश्य बहुधा एकच असते. पुढे खुर्च्यांवर साठी ओलांडलेली मंडळी, मागे भिंतीला टेकून उभी असलेली पोरे-पोरी. अध्यक्ष ठरतो, खजिनदार ठरतो, वक्ते ठरतात. मग कुणीतरी मागे वळून म्हणते, "पोरांनो, मंडप आणि सतरंज्या तुमच्याकडे." त्या पोरांत एखादा इंजिनिअर असतो, एखादी एम.ए. झालेली असते. आणि दुसऱ्या दिवशी हीच वडीलधारी मंडळी कट्ट्यावर बसून तक्रार करते की, नवी पिढी चळवळीत येत नाही!

नवी पिढी येते. आपण तिच्या हातात सतरंजी देतो. ती सतरंजी अंथरते आणि निघून जाते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी मी माझाच गुन्हा कबूल करतो. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत मोफत मदत करणारा आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. नावाला गट, पण अर्ज मी लिहायचा, पोलीस ठाण्यात मी जायचे, फिर्यादीशी मी बोलायचे. बाकीच्यांनी झेरॉक्स काढायच्या आणि चहा सांगायचा. आपण समाजासाठी किती राबतो, याचे मला मनातून कौतुक होते. २०१९ साली मी दोन महिने अंथरुणाला खिळलो. त्याच वेळी एका प्रकरणात आरोपीने जामीन मागितला. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले कलम १५अ पीडिताला अशा सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क देते. पण ते म्हणणे कागदावर उतरवणे आमच्या गटात एकालाही जमेना. ती माउली कोर्टाच्या व्हरांड्यात रिकाम्या हाताने उभी राहिली. आरोपीला जामीन झाला. तिचा कागद वेळेत गेला असता तर निकाल बदलला असता की नाही, कोण जाणे. पण तिचे म्हणणे न ऐकताच तो लागला. याला जबाबदार ती पोरे नव्हती, मी होतो. मी गट उभा केलाच नव्हता. माझ्याभोवती माणसे जमवली होती.

बाबासाहेबांनी माणसे जमवली नाहीत, घडवली. परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मध्ये, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत ते राहत होते, त्या काळापासून हे दिसते. ९ मार्च १९२४ रोजी परळच्याच दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि त्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. शिक्षण, संघर्ष आणि संघटन हा मंत्र तेव्हापासूनचा. त्यातला क्रम आपण विसरतो. संघटन शेवटी आहे. आधी माणूस शिकला पाहिजे, पेटला पाहिजे. न शिकलेल्या, न पेटलेल्या माणसांची बेरीज म्हणजे संघटना नव्हे.

दादासाहेब गायकवाडांचेच उदाहरण घ्या. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा भाऊराव कृष्णाजी गायकवाड अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. मार खाणारे सत्याग्रही, गावोगावचे बहिष्कार, तुरुंगवास, पैशाची चणचण, हे सारे नाशिकच्या त्या तरुण कार्यकर्त्याला आणि त्याच्या सोबत्यांना सांभाळावे लागले. 'तू अजून लहान आहेस, मी परत येईपर्यंत थांब,' असे बाबासाहेब म्हणाले नाहीत.

पण त्यांनी त्याला वाऱ्यावरही सोडले नाही. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याने ती वाचावीत. मार्च १९३४ च्या पत्रात तर बाबासाहेब मंदिराचा सत्याग्रह थांबवायला सांगतात आणि सारी शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवण्यामागची कारणे समजावून देतात. चार वर्षे ज्याने लढा चालवला त्याला नुसता हुकूम पाठवला नाही, विचार पाठवला. म्हणूनच बाबासाहेबांच्या पश्चात हाच माणूस लोकसभेत गेला आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहाचा सेनापती झाला. नाशिकच्या शांताबाई दाणींना चळवळीत आणून उभे करणारे दादासाहेबच. त्या पुढे विधान परिषदेच्या सदस्य झाल्या. घडलेला माणूस पुढचा माणूस घडवतो तो असा.

आव्हान फक्त वरून खाली येते असेही नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेसाठी बाबासाहेबांकडे आग्रह धरणारे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे तेव्हा विशीतले होते. नेत्याला 'तुम्ही आलेच पाहिजे' असे सांगणारा तरुण त्या चळवळीत होता आणि ते ऐकणारा नेताही होता. आज आपल्या एखाद्या शाखेत विशीतल्या पोराने अध्यक्षांना असे सांगून पाहावे!

१५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. पुढल्याच वर्षीच्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना चावडीची पायरी चढू दिली नव्हती, ती माणसे कायदेमंडळात बसली. त्यांना काम काय दिले? १९३७ मध्येच खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला.

आणि १९५६! त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले, हे किती जणांना ठाऊक आहे? पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते अवघे १५. ज्यांच्या शब्दावर लाखो लोक चालत होते, त्यांना पंधरा जणांचा वर्ग काढावासा वाटला. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले आणि काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. चैत्यभूमीवरची रांग आपण दरवर्षी वाढवली. त्या पंधरा जणांच्या वर्गाचे आपण काय केले?

तथागतांनीही सारनाथला पहिले साठ भिक्खू तयार होताच त्यांना आपल्याभोवती बसवून ठेवले नाही. बहुजनांच्या हितासाठी वेगवेगळ्या वाटांनी जा, दोघे एका वाटेने जाऊ नका, असे सांगून पाठवून दिले.

मी बरा झालो तेव्हा गटातल्या एका मुलीला म्हणालो, "पुढचा अर्ज तू लिहायचा." ती म्हणाली, "सर, मला नाही जमणार." मी म्हणालो, "नाही जमला तर पुन्हा लिही." तीन वेळा कागद परत केला. तारीख कुठे? जागा कोणती? आरोपी नेमके काय बोलला? ते कुणी ऐकले? चौथ्या वेळी तो अर्ज घेऊन ती पोलीस अधिकाऱ्याच्या कार्यालयात एकटी गेली. मी खाली चहाच्या टपरीवर बसलो होतो. खरे सांगतो, वर जाण्यासाठी पाय शिवशिवत होते. पाऊण तासाने ती पोचशिक्का मारलेली प्रत घेऊन आली. तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, तो नियमही ती वर वाचून दाखवून आली होती. आज ती आणखी दोघांना शिकवते. परवा माझाच मसुदा तिने परत केला. म्हणाली, "सर, घटनेची तारीख चुकली आहे."

याच काळात एक मुलगा मी गमावलाही. पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर अवघड प्रकरण टाकले, चुकला तेव्हा चारचौघांत बोललो. तो पुन्हा आला नाही. आव्हान देणे आणि पाणउतारा करणे यांतला फरक मला त्याने शिकवला, पण त्याची किंमत त्याने मोजली. काम माणसाच्या आजच्या उंचीपेक्षा एक वीत वर असावे. तो चुकला तर मागे आपण उभे असावे. जमले तर श्रेय त्याचे असावे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदाच्या बैठकीत एवढेच करा. हिशेबाची वही तिशीच्या आतल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि खजिनदाराने शेजारी बसून शिकवावे. मुख्य भाषण एका मुलीला द्या आणि महिनाभर आधी वाचायला पुस्तके द्या. पालिकेतला, पोलीस ठाण्यातला एकेक अर्ज एकेका पोराच्या नावावर टाका. आणि सतरंज्या? त्या आपण उचलू. आपल्यालाही थोडे वाकायची सवय राहील.

जय भीम!