पाचशे ते दहा हजार

मैदानावर सरावाला येणाऱ्या नव्या मुलाला पहिला प्रश्न हाच, "शंभरवाला की पाच हजारवाला?" मी शंभरवाला. पाच हजार मीटरच्या शर्यतीत चौथ्या फेरीलाच माझा दम संपतो. त्यामुळे एरिक हायडन या अमेरिकन खेळाडूविषयी प्रथम वाचले, तेव्हा माझा विश्वासच बसेना.

हायडनचा खेळ स्पीड स्केटिंग. बुटाच्या तळाला पोलादी पाते लावून बर्फाच्या चारशे मीटरच्या लंबगोल मार्गावरून घसरत जायचे. एका वेळी दोघेच सुटतात. दर फेरीत आतल्याने बाहेर व बाहेरच्याने आत यायचे, म्हणजे अंतर सारखे पडते. पण खरी स्पर्धा घड्याळाशी. सारा वेळ गुडघे वाकवून, पाठ आडवी ठेवून जावे लागते. असे नुसते मिनिटभर उभे राहून पाहा, मांड्या पेटतात! ५०० मीटर म्हणजे सव्वा फेरी, १०,००० म्हणजे पंचवीस. एकीत सगळी ताकद एका दमात उधळायची, दुसरीत तीच काटकसरीने पुरवायची. म्हणून दोन्हींचे वीर सहसा वेगळे असतात.

मॅडिसन येथे १९५८ साली जन्मलेला हायडन १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला सातवा आणि ५००० ला एकोणिसावा आला होता. त्याच्या प्रशिक्षक डायान होलम या स्वतः ऑलिंपिक विजेत्या. १९७७ पासून सलग तीन वर्षे तो जगज्जेता ठरला. नॉर्वे-हॉलंडमध्ये लोक त्याला डोक्यावर घेत. मायदेशी मात्र फारसे कोणी ओळखत नव्हते.

मग आले १९८० चे लेक प्लॅसिड ऑलिंपिक. १५ फेब्रुवारीला ५०० मीटरमध्ये त्याच्या जोडीला विश्वविक्रमवीर कुलिकोव्ह होता. हायडनने ३८.०३ सेकंदांत त्याला मागे टाकले. दुसऱ्याच दिवशी ५०००, मग १०००. १५०० च्या वेळी पाते बर्फातल्या खाचेत अडखळले, तरी तो सावरला आणि जिंकला. २२ तारखेच्या रात्री तो अमेरिका-सोव्हिएत आइस हॉकी सामना पाहायला गेला. अमेरिकेच्या संघात मॅडिसनचे त्याचे जुने मित्र होते, आणि तो संघ जिंकला. सकाळी १०,००० मीटर, आणि गृहस्थ झोपूनच राहिले! (परीक्षेच्या दिवशी हा प्रकार आपल्यातही काहींनी केला आहे.) पावाचे काही तुकडे खाऊन तो धावतपळत पोहोचला आणि १४ मिनिटे २८.१३ सेकंदांत विश्वविक्रम सहा सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. नऊ दिवसांत पाच सुवर्णपदके! सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी आणि खुद्द अमेरिका वगळता दुसऱ्या कोणत्याही देशाला त्या ऑलिंपिकमध्ये इतकी सुवर्णपदके मिळवता आली नाहीत.

मला खरे नवल वाटते ते पुढचे. त्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने स्केटिंग सोडले. जाहिरातींचे बहुतेक प्रस्ताव नाकारले. पुढे सायकल शर्यतींत उतरला. १९८६ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटचे काही दिवस उरले असताना पडला आणि शर्यत अर्धवट राहिली. त्याच काळात वैद्यकीय शिक्षणही चालू होते. १९९१ मध्ये स्टॅनफर्डची पदवी घेऊन तो वडिलांसारखाच हाडांचा शल्यविशारद झाला. अमेरिकेच्या स्केटिंग संघाबरोबर पुन्हा बर्फाच्या मैदानावर आला, तो संघाचा डॉक्टर म्हणून.