काळ्या पाषाणातले तापमापक

नांदेड-लातूरकडे विहीर खणताना काळा पाषाण लागला की खणणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. हा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहता लाव्हा होता. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत संशोधनासाठी 617 मीटर खोल बोअर घेतले, तेव्हा लाव्हाच्या थरांची एकूण जाडी 338 मीटर भरली. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन खडक. जाडी अशी मोजता येते. पण वर येण्याआधी हा शिलारस किती तापलेला होता, किती खोल थांबला होता, हे कोणाला विचारायचे?

त्याचे साक्षीदार खडकातच आहेत: खनिजांचे स्फटिक. शिलारस निवू लागला की प्लॅजिओक्लेज हे खनिज आधी कॅल्शियम अधिक घेते, पुढे सोडियम. म्हणून एकाच स्फटिकाचा गाभा आणि कडा वेगळ्या रचनेची असते. पायरॉक्सीनमध्ये दाब वाढेल तसे सोडियम व ॲल्युमिनियम अधिक सामावते. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे यंत्र स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत टाकते; निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या ठिपक्याएवढ्या जागेतील मूलद्रव्ये मोजली जातात. प्रयोगशाळेत ठरावीक तापमान व दाबाखाली शिलारस गोठवून बसवलेल्या सूत्रांत हे आकडे घातले की उत्तर येते. बेसॉल्टातील पायरॉक्सीनसाठी ते बहुधा 1100 ते 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

मात्र साक्षीदार खरा आहे का, हे आधी तपासावे लागते. स्फटिक त्याच रसातून वाढला असेल, तर पायरॉक्सीनमधील लोह-मॅग्नेशियमच्या गुणोत्तराला रसातील त्याच गुणोत्तराने भागल्यास 0.28 च्या जवळपास आकडा यायला हवा. तो फार वेगळा आला, तर स्फटिक दुसरीकडून वाहत आलेला पाहुणा असू शकतो. त्याची साक्ष या रसाला लागू होत नाही.

साक्ष खरी ठरली तरी तिला मर्यादा आहे. दाबाच्या अंदाजात दोन-तीन किलोबारची चूक सहज राहते. खोलीच्या हिशेबात ती 7 ते 10 किलोमीटर होते. म्हणून ‘शिलारस इतक्या खोल होता’ असे वाचले, की पुढची ‘अधिक-उणे’ची संख्याही वाचावी. ती नसेल तर उत्तर अपुरे आहे.

आणखी एक गोष्ट किल्लारीच्या आठवणीने सांगावीशी वाटते. हे स्फटिक 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची उष्णता सांगतात, आजची नव्हे. पुढचा हादरा कधी बसेल, हे त्यांना विचारून उपयोग नाही. पण ज्या जमिनीवर आपण घरे बांधतो, ती कशी घडली, एवढे मात्र ते नेमके सांगतात.