चहाची चैन

बाहेर जाऊन दुपारचा चहा घेणे ही उधळपट्टी आहे काय? इंग्लंडात हा वाद अडीच शतकांहून जुना आहे. चहामुळे उद्योगाची हानी होते व राष्ट्र दरिद्री बनते, असा आक्षेप जोनास हॅन्वे याने १७५६ मध्ये घेतला. आपण स्वतः चहाचे भोक्ते असल्याची कबुली देत सॅम्युअल जॉन्सनने १७५७ मध्ये त्याचा समाचार घेतला. मजूर आणि भिकारीदेखील चहा पितात, ही हॅन्वेची विशेष तक्रार होती. श्रीमंतांची चैन अभिरुची ठरते; कष्टकऱ्यांची मात्र व्यसन!

१८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागात लायन्स कंपनीचे पहिले चहागृह उघडले. अशा चहागृहांत कारकुनांना माफक दरात निवांत बसता येई. सोबतीला पुरुष नसलेल्या स्त्रीलाही तेथे सन्मानाने प्रवेश असे. ते पैसे केवळ चहाचे नव्हते; विसाव्याचे व प्रतिष्ठेचेही होते.

उधारीवर किंवा मुलांच्या दुधाला कात्री लावून केलेली चैन अर्थातच समर्थनीय नाही. परंतु गरजा भागल्यावर स्वकष्टाच्या मिळकतीतून घेतलेला तासाभराचा विसावा अपव्यय कसा? घरखर्चाच्या वहीत त्याला उघड रकाना असावा; ‘किरकोळ’ या सदरात तो लपविण्याचे कारण नाही.